रक्ताची आम्लता आणि प्राणवायूची ने-आण

नागपूरहून उत्तरेकडे निघालेला हमरस्ता सिवनी आणि लखनादौन मागे टाकतो, तिलवारा घाटावर नर्मदा ओलांडतो आणि जबलपूर शहराच्या वेशीशी येतो, तेव्हा गढा नावाची एक जुनी वस्ती लागते. मराठी इतिहासाच्या वाचकांना हे नाव अनोळखी नाही. जुन्या कागदपत्रांतील गढामंडळ ते हेच. १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना धारातीर्थी पडलेली राणी दुर्गावती ही या गोंड राज्याची राणी. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख जिंकला, १७९८ साली तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेला. टेकडीवरचा मदनमहाल त्या गोंड राजवटीची खूण म्हणून अजून उभा आहे.

आज मात्र दूरदूरच्या खेड्यांतून लोक गढ्याला येतात ते इतिहासासाठी नव्हे. १९५५ साली स्थापन झालेले, नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव धारण करणारे वैद्यकीय महाविद्यालय येथे आहे. आणि त्याच्याच शेजारी, आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८४ साली सुरू केलेली संशोधन संस्था आहे. मलेरिया, क्षय यांच्या बरोबरीने या संस्थेने ज्या विकाराचा पिच्छा पुरवला, तो रक्तातील हीमोग्लोबिनचा एक आनुवंशिक विकार आहे. विदर्भातील घराघरांत तो ‘सिकलसेल’ या इंग्रजी नावानेच ओळखला जातो. हा विकार नीट समजून घ्यायचा असेल, तर आधी निरोगी माणसाच्या रक्तातील एक साधा व्यवहार समजून घ्यावा लागतो. तो व्यवहार म्हणजे रक्ताची आम्लता आणि हीमोग्लोबिनने वाहून नेलेला प्राणवायू यांचा परस्परसंबंध. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

प्रथम एक हिशेब पाहू. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीराला दर मिनिटास सुमारे २५० घनसेंटिमीटर प्राणवायू लागतो. त्याचे हृदय तेवढ्या वेळात सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. प्राणवायू पाण्यात फारच थोडा विरघळतो. १०० घनसेंटिमीटर रक्ताच्या द्रवात तो जेमतेम ०.३ घनसेंटिमीटर मावतो. केवळ या विरघळलेल्या प्राणवायूवर जगायचे ठरवले, तर हृदयाला दर मिनिटास ८० लिटरांहून अधिक रक्त फिरवावे लागेल, आणि तेही माणूस नुसता बसून असताना. ही आपत्ती टळली आहे ती तांबड्या पेशींत भरलेल्या हीमोग्लोबिनमुळे. या रंजकद्रव्याच्या योगाने तेवढ्याच रक्तात सुमारे २० घनसेंटिमीटर प्राणवायू मावतो. एकेका तांबड्या पेशीत हीमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू, म्हणजे प्राणवायूसाठी चार आसने असतात.

परंतु प्राणवायू धरून ठेवणे एवढेच काम असते, तर लोखंडाला गंज चढतो तोही प्राणवायूचे ग्रहणच आहे. मात्र गंजाने एकदा घेतलेला प्राणवायू परत मिळत नाही. वाहकाचे काम याहून अवघड आहे. त्याने फुप्फुसांत भरभरून घ्यावे आणि जिथे गरज असेल तिथे उदारपणे सोडावे. गावोगाव फिरणाऱ्या व्यापाऱ्याला बाजारपेठेचे भान लागते. कुठे माल उचलायचा आणि कुठे उतरवायचा हे ज्याला कळत नाही, त्याची गाडी भरलेली असूनही धंदा बुडतो. मग हीमोग्लोबिनला हे भान कोठून येते? त्याला ना डोळे, ना मज्जातंतू. मांडीचा स्नायू धावून दमला आहे आणि कानाची पाळी निवांत आहे, हे त्याला कोण सांगते?

याचे एक उत्तर प्राणवायूच्या दाबात आहे. फुप्फुसांत हा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटरांइतका असतो आणि तेथे हीमोग्लोबिनची ९७ टक्के आसने भरतात. विश्रांती घेणाऱ्या अवयवांतून परतणाऱ्या रक्तात तो ४० मिलिमीटरांवर येतो आणि तेव्हा ७५ टक्के आसने भरलेली राहतात. याचा अर्थ असा की, रक्त आपल्या भारापैकी साधारण चौथा हिस्सा उतरवते आणि उरलेला परत घेऊन येते. संकटाच्या वेळी कामास येणारी ही शिल्लक आहे. ती खर्च कशी करायची, याचे दुसरे आणि अधिक सूक्ष्म उत्तर आम्लतेत आहे.

रक्ताची आम्लता पीएच नावाच्या मापाने मोजतात. शुद्ध रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. हे माप उलटे चालते, म्हणजे आकडा खाली आला की आम्लता वाढली असे समजावे. आम्लता म्हणजे हायड्रोजनच्या आयनांचे प्रमाण. एक लिटर रक्तद्रवात या आयनांचे वजन एका ग्रॅमच्या अडीच कोटीव्या भागाएवढेच असते; आणि तरीही ते दुप्पट झाले, म्हणजे पीएच ७.४ वरून ७.१ वर आला, तर माणूस गंभीर आजारी असतो. इतक्या अल्प द्रव्यावर शरीर इतका कडक पहारा ठेवते, याचे कारण शरीरातील जवळजवळ प्रत्येक प्रथिन त्या आयनांच्या संख्येनुसार आपले रूप आणि वर्तन बदलते. हीमोग्लोबिनही त्याला अपवाद नाही.

आता ही आम्लता कोठे निर्माण होते ते पाहा. जिथे काम चालते तिथे अन्नाचे ज्वलन होते, आणि ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सोयीसाठी आपण त्याला कर्बवायू म्हणू. तो रक्तातील पाण्यात मिसळला की कर्बाम्ल तयार होते. एरवी ही क्रिया सावकाश चालली असती. परंतु तांबड्या पेशींतील एक विकर तिला प्रचंड वेग देते. काम फार जड असेल आणि प्राणवायू अपुरा पडू लागला, तर स्नायूंत दुग्धाम्लाचीही भर पडते. तेव्हा ज्या ठिकाणी प्राणवायूची मागणी अधिक, त्याच ठिकाणी आम्लता अधिक. धूर दिसला की चूल पेटली आहे असे आपण ओळखतो, तशी आम्लता ही श्रमाची खूण आहे. हीमोग्लोबिन ती खूण वाचते. रक्त जरासे आम्ल झाले की प्राणवायूवरची त्याची पकड सैल होते.

हा शोध १९०४ साली कोपनहेगन येथे लागला. क्रिस्टियन बोर या शरीरशास्त्रज्ञाने हॅसेलबाल्ख आणि क्रोग या दोन तरुण सहकाऱ्यांसह असे दाखवून दिले की, कर्बवायूचा दाब वाढवला की त्याच रक्तातून प्राणवायू अधिक सहजपणे सुटतो. अणूची रचना सांगणारे नील्स बोर हे यांचेच पुत्र. पित्याचे नाव आज ‘बोर परिणाम’ या संज्ञेत वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला भेटते.

हा परिणाम किती मोठा, हे आकड्यांनी अधिक स्पष्ट होईल. समजा, दमलेल्या स्नायूत रक्ताचा पीएच ७.४ वरून ७.२ वर आला. प्राणवायूचा दाब पूर्वीइतकाच, ४० मिलिमीटर धरला, तर आता ७५ ऐवजी सुमारे ६३ टक्केच आसने भरलेली राहतील. म्हणजे शेकडा १२ आसनांवरचा प्राणवायू केवळ आम्लतेच्या इशाऱ्यावर जादा उतरला. यावर कोणी विचारील की, पकड अशी सैल झाली तर फुप्फुसांत माल भरताना तोटा होणार नाही का? होतो, पण फारच थोडा. समजा, तीच आम्लता फुप्फुसांपर्यंत टिकली. तरी तेथील १०० मिलिमीटर दाबाखाली ९७ ऐवजी ९५ टक्के आसने भरतातच. दोन गमावून बारा मिळवणे हा व्यवहार कोणताही शहाणा माणूस पत्करील. शिवाय प्रत्यक्षात तेवढाही तोटा होत नाही, कारण फुप्फुसांत पोचताच कर्बवायू उच्छ्वासावाटे निघून जातो, रक्ताची आम्लता उतरते आणि हीमोग्लोबिनची पकड पुन्हा घट्ट होते.

या सैल आणि घट्ट होण्याचे मर्म रेणूच्या रचनेत आहे. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिज येथे १९३७ साली हीमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून त्याची रचना शोधण्याचा उद्योग आरंभिला आणि जवळजवळ पंचवीस वर्षांच्या तपश्चर्येनंतर, १९६२ साली, त्यांना केंड्र्यू यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या संशोधनातून असे दिसले की, हीमोग्लोबिनचा रेणू दोन ठेवणींत राहू शकतो. एक आवळलेली, तीत प्राणवायूला जागा अवघड जाते. दुसरी मोकळी, तीत प्राणवायू सुखाने बसतो. एका आसनावर प्राणवायू बसला की सगळा रेणू मोकळ्या ठेवणीकडे झुकतो आणि पुढच्या पाहुण्याला बसणे सोपे जाते. उलट, हायड्रोजनचे आयन रेणूतील काही ठरावीक जागी चिकटतात. त्यांपैकी महत्त्वाची जागा साखळीच्या अगदी टोकाशी असलेल्या हिस्टिडीन या घटकाची आहे. आयन चिकटल्यामुळे हा घटक धनभारित होतो आणि शेजारच्या ऋणभारित घटकाशी जखडला जातो; त्या बंधाने आवळलेली ठेवण पक्की होते. आम्लता वाढली की असे बंध वाढतात आणि प्राणवायूला जागा सोडावी लागते.

येथे निसर्गाची आणखी एक काटकसर लक्षात घेण्याजोगी आहे. प्राणवायू सोडताना हीमोग्लोबिन ते हायड्रोजन आयन आपल्या अंगावर घेते. परिणामी अवयवांत तयार झालेले आम्ल तिथेच साचून न राहता तांबड्या पेशींतून फुप्फुसांकडे येते. तेथे प्राणवायू भेटताच हीमोग्लोबिन ते आयन टाकून देते, त्यांच्यामुळे कर्बवायू पुन्हा मोकळा होतो आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. ही उलट बाजू १९१४ साली क्रिस्टियनसन, डग्लस आणि हाल्डेन यांनी मांडली. जाताना प्राणवायू, परतताना आम्ल. नर्मदेच्या घाटावरची नाव पैलतीरी माल उतरवून तेथील माल घेऊन यावी, तसा हा दुहेरी प्रवास आहे.

या ठिकाणी एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. रक्ताची आम्लता आणि जिभेला लागणारा आंबटपणा यांचा सरळ संबंध नाही. लिंबाचे सरबत प्यायल्याने रक्त आम्ल होत नाही आणि बाजारात मिळणाऱ्या ‘अल्कधर्मी’ पाण्याने ते निराळे होत नाही. रक्तातील विरोधक द्रव्ये, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे मिळून तो समतोल राखतात. हा समतोल ढळतो तो अनियंत्रित मधुमेहात, मूत्रपिंडे निकामी झाल्यास, तीव्र अतिसारात, किंवा रक्ताभिसरण खचल्यास. त्यावर उपाय करण्याची जागा रुग्णालय ही आहे.

आता गढ्याच्या प्रयोगशाळेकडे, आणि ज्या विकाराचा आरंभी उल्लेख केला त्याच्याकडे वळू. १९१० साली शिकागोचे डॉक्टर हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या पात्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. १९२७ साली हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले की, अशा रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू काढून घेतला की पेशी वाकतात आणि तो परत दिला की बऱ्याचशा पूर्ववत होतात. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष खुद्द हीमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे सिद्ध केले. आणि पेरुट्झ ज्या प्रयोगशाळेत काम करीत होते तिथेच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ पर्यंत तो दोष नेमका शोधून काढला. १४६ घटकांच्या एका साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसलेले असते. दोष एवढाच. परंतु त्या बदलामुळे हीमोग्लोबिनच्या अंगावर एक चिकट जागा तयार होते. रेणूने प्राणवायू धरला आहे तोवर या जागेने काही बिघडत नाही. प्राणवायू सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब, ताठ तंतू बनतात आणि पेशीला आतून वाकवतात.

यातच सगळी शोकांतिका दडलेली आहे. निरोगी माणसात आम्लतेने प्राणवायू सुटणे हे वरदान; सिकलसेलच्या रुग्णात नेमके तेच संकटाचे दार. मूल तापाने फणफणले, उन्हात काम करताना अंगातले पाणी आटले, श्रमाने स्नायूंत दुग्धाम्ल साचले, की रक्त जरासे आम्ल होते. हीमोग्लोबिन आपल्या धर्माला जागून प्राणवायू सोडते. सोडताच रेणू चिकटतात, पेशी ताठरतात, केशवाहिन्यांत अडकतात. पुढचा रक्तप्रवाह थांबतो. तेथे प्राणवायू आणखी कमी पडतो, आम्ल आणखी साचते, आणि त्या आम्लाने आणखी प्राणवायू सुटून आणखी पेशी वाकतात. या फेऱ्यात सापडलेल्या मुलाच्या हाडांत आणि सांध्यांत जी वेदना उठते, तिचे वर्णन रुग्ण हाडे पिळवटून निघाल्यासारखे करतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. या रुग्णांची पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून अंगात रक्त ठरत नाही, डोळे पिवळे दिसतात, वाढ खुंटते.

मग हे रुग्ण प्रत्येक क्षणी संकटात का नसतात? कारण तंतू तयार व्हायला थोडा अवधी लागतो, आणि पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदभरात पार होते. बहुतेक पेशी जखडल्या जाण्यापूर्वीच निसटतात आणि फुप्फुसांत जाऊन पुन्हा प्राणवायू घेतात. ही वेळेची शर्यत आहे. आम्लता वाढली, पेशीतील पाणी घटले, की तंतू लवकर बनतात. थंडीने किंवा दाहाने वाहिन्या आकसल्या, की पेशीचा प्रवास रेंगाळतो. शर्यत कोठे हरली जाते हे शरीरातील दोन ठिकाणे चांगले दाखवतात. पांथरीत रक्त संथ वाहते आणि तेथील परिसर आम्लधर्मी असतो. अनेक रुग्णांची पांथरी लहानपणीच निकामी होते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. मूत्रपिंडाच्या गाभ्यात प्राणवायू कमी, आम्लता अधिक आणि क्षारांचे प्रमाण मोठे. म्हणून ज्यांना केवळ एकाच पालकाकडून हा दोष आला आहे, ज्यांना आपण वाहक म्हणतो आणि जे एरवी निरोगी असतात, त्यांच्याही मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्ती कमी होऊ शकते.

असा घातक दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा, याचे उत्तरही आम्लतेपर्यंत येऊन पोचते. मलेरियाचा परोपजीवी तांबड्या पेशीत शिरला की तेथील साखर खाऊन दुग्धाम्ल सोडतो आणि पेशीतील प्राणवायूही खर्च करतो. वाहकाची पेशी एरवी वाकत नाही. परंतु आत असा पाहुणा शिरला की ती सहज वाकते आणि शरीराच्या पहारेकरी पेशी तिला पाहुण्यासकट गिळून टाकतात. मलेरियापासून वाहकांना मिळणाऱ्या संरक्षणाचे हे एक कारण आहे. जिथे शतकानुशतके मलेरियाने मुले नेली, त्या भागांत वाहक अधिक संख्येने जगले. सातपुड्याच्या आणि नर्मदेच्या जंगली पट्ट्यांत हा दोष का आढळतो, हे यावरून ध्यानात येईल. तो कोणा जातीच्या किंवा जमातीच्या हीनतेची खूण नाही; त्यांच्या पूर्वजांनी एका भयंकर रोगाशी दिलेल्या झुंजीची ती मागे राहिलेली किंमत आहे.

भारतात हा दोष प्रथम १९५२ साली नीलगिरीच्या डोंगरातील आदिवासींत आढळला. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयीचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर गोंड, प्रधान, भिल्ल, पावरा अशा अनेक जमातींत आणि विदर्भातील इतरही अनेक समाजांत तो असल्याचे दिसून आले. जबलपूर, मंडला, शहडोल, गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार ही नावे नकाशावर वेगवेगळ्या राज्यांत असली, तरी रक्ताच्या या प्रश्नात ती एकाच पट्ट्यात येतात.

हा फेरा तोडण्याचे मार्ग कोणते? आम्लता हेच कारण असेल तर सोडा देऊन रक्त अल्कधर्मी करावे, हा विचार पूर्वीच सुचला होता आणि तसे प्रयोगही झाले; पण वेदनेच्या झटक्यावर त्याचा भरवसा धरता आला नाही. हीमोग्लोबिनची प्राणवायूवरची पकडच घट्ट करावी, या कल्पनेवर व्हॉक्झेलोटॉर नावाचे औषध निघाले. २०१९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याने रक्ताचे प्रमाण वाढले खरे. परंतु लाभापेक्षा धोका अधिक असल्याचे दिसून आल्यावर २०२४ च्या सप्टेंबरात उत्पादकांनी ते जगभरातून मागे घेतले. घट्ट धरलेला प्राणवायू आकड्यांत दिसतो; पण अवयवाला उपयोग होतो तो सुटलेल्या प्राणवायूचा. वाहकाचा मोठेपणा सोडण्यात आहे, हे आरंभीचे तत्त्व आखणी करणाऱ्यांनी विसरता कामा नये.

टिकून राहिला आहे तो दुसराच मार्ग. गर्भावस्थेत बालकाच्या रक्तात निराळ्या प्रकारचे हीमोग्लोबिन असते. ते या तंतूंत सामील होत नाही. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या औषधाने प्रौढपणीही त्याचे प्रमाण वाढवता येते आणि वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. मध्य भारतातील पुष्कळ रुग्णांत हे गर्भकालीन हीमोग्लोबिन मुळातच थोडे अधिक असते, म्हणून कित्येकांचा आजार सौम्य वाटतो. पण सर्वांचा नसतो, आणि त्या विश्वासावर उपचार टाळणे घातक ठरते.

औषधाइतकेच महत्त्व साध्या पथ्याला आहे, आणि आम्लतेचे गणित ज्याला कळले त्याला या पथ्यामागचा हेतू वेगळा सांगावा लागत नाही. पाणी वारंवार प्यावे, म्हणजे पेशीत हीमोग्लोबिन दाटत नाही. तापाला क्षुल्लक मानू नये. रुग्ण बालकाचा ताप हे तातडीने डॉक्टरांकडे जाण्याचे कारण आहे. दम लागेपर्यंत श्रम करू नयेत, मध्ये विसावा घ्यावा. थंडीत अंग उबदार ठेवावे. उलट्या-जुलाब झाले तर वाट पाहू नये. शाळेतील शिक्षकाने अशा मुलाला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी आणि धावण्याच्या शर्यतीतून बसू दिले म्हणून त्याला आळशी म्हणू नये. शेतमालकाने आपल्या मजुराला दुपारच्या उन्हात सावलीत बसण्याची मुभा द्यावी. ही दया नव्हे. रक्ताच्या रसायनशास्त्राचा तो निष्कर्ष आहे.

आणि शेवटी तपासणी. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांचे रक्त तपासण्याचा आणि २०४७ पर्यंत हा विकार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवण्याचा त्याचा संकल्प आहे. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. ही गोष्ट विवाहापूर्वी दोघांना ठाऊक असणे, हा त्यांचा हक्क आहे. मात्र तपासणीचा कागद मुलीच्या कपाळी कलंक म्हणून चिकटवला जाऊ लागला, तर लोक बोटातून रक्ताचा थेंब देण्यास पुढे येणार नाहीत आणि अभियान कागदावरच राहील. वाहक असणे हा आजार नाही, ही गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी आणि गावातील आशाताईंनी स्वच्छ शब्दांत सांगितली पाहिजे.

हीमोग्लोबिनच्या साखळीतला तो एक घटक आज तरी आपण सर्वांच्या रक्तातून बदलू शकत नाही. पण उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाच्या हाताशी पिण्याचे पाणी असावे, तापलेले मूल वेळेवर दवाखान्यात पोचावे, आणि त्या दवाखान्यात त्याच्या दुखण्याला खोटे न म्हणणारा कोणी भेटावा, एवढे तर आपल्या हाती आहे. बोर, पेरुट्झ आणि पॉलिंग यांनी केलेल्या कष्टांचे चीज गढ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या त्या दवाखान्यांत व्हायचे आहे.